कॅराडॉनच्या हद्दीअलीकडे

सासूबाई बसचा लांबलचक प्रवास करून लॅनियनला येऊन उतरल्या, तेव्हाच ग्लेनिसच्या ध्यानात आलं की या काही बाळंतपण करायला आलेल्या नाहीत, बाळंतिणीला उचलून न्यायला आल्या आहेत. आयव्ही पेंगेलींची बॅग उघडली तर निम्मी बॅग लोकरीच्या झबल्यांनी भरलेली. सगळी निळी.

"आणि मुलगी झाली तर?" ग्लेनिसने विचारलं.

"तर घालेल निळी. बिघडतं काय?" आयव्ही म्हणाल्या. "मुलगी कुठेही जन्मली तरी चालतं गं. तिला कुठे खाली उतरायचंय!"

अडीच वर्षांची ट्रूडी पायाशी बसून बिस्किटाच्या डब्याचं झाकण चाटत होती. ती लॅनियनलाच जन्मली होती. तेव्हा सासूबाईंनी एक कार्ड पाठवलं होतं, तेही महिन्याने.

खाली म्हणजे कॅराडॉनच्या खाणीत. तिथे शिसं निघायचं, चांदी निघायची, आणि खाणीत कुणी उतरायचं हे कंपनी नाही, युनियन ठरवायची. पहिला मान गावात जन्मलेल्याचा. तो हॉस्पिटलात पहिलं ट्यां करतो तेव्हाच त्याची नोकरी ठरलेली असते. मग अंगात अक्कल असो नसो. बाकी सगळे 'बाहेरचे'. बाहेरचा माणूस तिथे न्हावी होऊ शकतो, पाव विकू शकतो, मेल्यावर गावच्या मातीत पुरलाही जातो, पण पुरतानाही लोक म्हणतात, बरा होता हो, बाहेरचा असून. म्हणून तर पोटुशा बायका वाळवंटातून शेकडो मैल गाडी हाणत यायच्या, पोर हद्दीच्या आत व्हावं म्हणून. त्यात कुणाला काही नवल वाटत नसे.

ग्लेनिस ॲडलेडची. शिक्षिका होण्याचं कॉलेज पुरं केलेली. मर्व्हशी लग्न करून ती कॅराडॉनला गेली आणि आठवड्याच्या आत तिला कळलं की लग्न झालेल्या बाईला या गावात नोकरी नाही. तीही युनियनचीच शिस्त. एका घरात दोन पगार कशाला? वर्षभर तिने सासूच्या स्वयंपाकघरात काढलं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो. स्टॅन पेंगेली, बावन्नाव्या वर्षी गेले. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसूनच झोपायचे, आडवं झालं की छातीतली धूळ श्वास घेऊ द्यायची नाही. शेजारी थोरल्या दिराचा, रॉनचा फोटो. त्याच्यावर खाणीचं छत कोसळलं. दोघांच्या मधोमध युनियनचं मानपत्र, काचेत. त्या भिंतीकडे तोंड करून बटाटे सोलताना ग्लेनिसने ठरवलं की आपलं पोर इथे वाढवायचं नाही, आणि मर्व्हच्या मागे लागून लागून त्याला लॅनियनच्या तांब्याच्या खाणीवर आणलं. ती खाण उघडी होती, वर आभाळ होतं. तिथल्या शाळेला मास्तर मिळत नव्हता, तेव्हा बाई विवाहित आहे का हे कुणी विचारलं नाही.

मर्व्हने तिच्यासाठी गाव सोडलं, हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. दाखवायचा नाही म्हणजे किती, तर दर महिन्याला एकदा तरी 'मी काही बोलतोय का?' असं म्हणायचा.

"फक्त जन्मापुरतं, ग्लेन," तो आता म्हणाला. "महिनाभर राहू, परत येऊ. पुढे त्याला वाटलं तर उतरेल, नाही तर नाही. दार उघडं ठेवायला काय जातं आपलं?"

"दार कसलं आहे तेही बघ की."

"हॉस्पिटल तरी इथल्यापेक्षा बरं आहे ना?"

ते मात्र खरं होतं. लॅनियनचा डॉक्टर दुपारनंतर सापडला तर शुद्धीवर सापडेलच याची खात्री नव्हती. आणि आई झालेल्या बाईला हॉस्पिटलचं नाव काढून कुठेही नेता येतं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे ते निघाले. एकोणीसशे सदुसष्ट साल, आणि तीन वर्षं त्या भागात पाऊस नव्हता. स्टेशन वॅगनच्या नाकावर पाण्याची कॅनव्हासची पिशवी लटकवलेली, टपावर दोन जादा टायर. ग्लेनिस पुढे, सासूबाई आणि ट्रूडी मागे. रस्ता लाल मातीचा, आणि त्यावर आडव्या वळ्या, कपडे घासायच्या खाचांच्या फळीसारख्या. हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात. वेगात गेलं की गाडी वळ्यांच्या माथ्यावरून तरंगत जाते, असं मर्व्हचं शास्त्र होतं. तो वेगातच चालला होता. ग्लेनिस दर थोड्या वेळाने मागे हात घालून ट्रूडीचं कपाळ चाचपत होती. तापलंय का, घाम येतोय का, घाम यायचा थांबला तर नाही ना.

"अगं, आहे ती जिवंत," आयव्ही म्हणाल्या. "किती चाचपशील! पीठ मळल्यासारखी."

ऊन चढल्यावर पर्सिव्हरन्स आलं. सोन्याचं गाव होतं एकेकाळी. आता सोनं संपलं, गावही संपलं. खाणीच्या मनोऱ्याचे चार खांब, खडीचे पांढरे ढिगारे, आणि एक पब तेवढा उरला होता. मर्व्ह बारमध्ये गेला; तिथे बायकांना मज्जाव, म्हणून त्या शेजारच्या बायकांच्या खोलीत बसल्या. पबवाल्या ट्रेलोअरबाई चहा घेऊन आल्या, सत्तरीच्या, वाळलेल्या शेंगेसारख्या, आणि चहा ठेवायच्या आधी त्यांनी ग्लेनिसचं पोट बघून घेतलं.

"कॅराडॉनला पळापळ ना? या रस्त्याने पोट चाललं की ते तिकडेच चाललेलं असतं. कळा आहेत?"

"नाही हो. पाठ भरून आलीय नुसती."

"मीही तेच म्हणाले होते." ट्रेलोअरबाईंनी दारातून पलीकडे बोट दाखवलं. "ते बिलियर्डचं टेबल दिसतंय? त्याच्यावर झाला आमचा जेगो. हिरवं कापड पार नासलं. कापडाची भरपाई म्हणून नवरा इथे राबायला लागला, आणि भरपाई फिटेपर्यंत मालकच मेला. मग काय, पब गळ्यात."

आयव्हींनी जीभ चुकचुकवली. "थोडक्यात हुकलं हो."

"हुकलं म्हणजे! विसाव्या वर्षी गेला कॅराडॉनला, टोपी हातात घेऊन. युनियनच्या खिडकीतल्याने विचारलं, जन्म कुठला? या शहाण्याने खरं सांगितलं."

"तूच म्हणाली होतीस, खरं सांग म्हणून," मागून आवाज आला. चाळिशीचा जेगो तळघराच्या पायऱ्या चढून येत होता. खांद्यावर बियरचा पिंप.

"एरवी ऐकतोस का माझं? नेमकं तेव्हाच बरं ऐकलंस!"

जेगो हसला आणि पिंप घेऊन बारकडे गेला. परत आला, उतरला, दुसरं पिंप घेऊन चढला. चढताना शीळ वाजवत होता.

ग्लेनिसचा कप हातातच राहिला. चाळिशीचा गडी, खांद्यावर एवढं ओझं, आणि पायऱ्या चढताना शीळ. कॅराडॉनला वर्ष काढलं होतं तिने. तिथल्या चाळिशीच्या पुरुषाला जिना चढताना तिने फक्त कठड्याला धरून थांबलेलं पाहिलं होतं. बोलायलाही ते जिना संपल्यावर घ्यायचे.

गाडीत बसल्यावर आयव्ही म्हणाल्या, "बिचारा. आयुष्य वाया गेलं."

"वाया?"

"नाही तर काय! चाळिशीचा बाप्या आणि आईच्या हाताखाली ग्लास पुसतोय."

त्याच वेळी ग्लेनिसच्या पाठीतली ती भरून आलेली गोष्ट कमरेभोवती फिरून पुढे आली. ती पाठ नव्हती. ट्रूडीच्या वेळची ओळख होती तिची. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण त्या रस्त्याने आठवडे कुठे शिल्लक ठेवले होते?

तोंड उघडायला ती वळलीही. आणि तोंड मिटलं.

सांगितलं तर काय होणार हे तिला समोर रस्ता दिसावा तसं दिसलं. मर्व्ह गाडी आणखी पिटाळणार. सासूबाई मागून म्हणणार, दाब पोरी, कितीतरी जणी दाबून पोचल्या. वाटेत ड्राय टँक नावाचा थांबा होता, तिथे पेट्रोल होतं आणि एक नर्स होती. पण सांगितलं तर ड्राय टँकला गाडी पाच मिनिटंही थांबणार नाही. न सांगता तिथवर गेलं, आणि तोवर इतकं पुढे गेलेलं असलं की नर्सच हलवू देणार नाही, तर कॅराडॉन तिथून तीन तास लांब. तीन तास लांब, म्हणजे जन्मभर लांब.

आणि ड्राय टँकच्याही अलीकडे झालं तर? लाल मातीत, माशांच्या घोंगावण्यात, नाळ कापायला मर्व्हचा चाकू? मागे ट्रूडी. तिने हिशेब मांडला, मोडला, परत मांडला. आपण पोराला वाचवतोय की मारतोय हेच तिला कळेना. जी बाई उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब पोरीच्या तोंडी लागू देत नव्हती, ती ओठ आवळून खिडकीची कड धरून बसली. खारी झुडपं मागे पळत होती. कळ आली की ती एखादं झुडूप धरायची नजरेने, ते मागे पडलं की दुसरं.

"गप्प का गं?" मर्व्हने विचारलं.

"झोप येतेय."

"झोप, झोप. बरंय." तो रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता सोडून कशाकडे बघायची त्याला सवयच नव्हती.

मागून सासूबाईही बोलायच्या थांबल्या होत्या. ट्रूडीने गाणं म्हणायला घेतलं तेव्हा त्यांनी तिला हळूच गप्प केलं.

ड्राय टँक म्हणजे एक पेट्रोलचा पंप, एक पोस्ट, पाण्याची गंजकी टाकी आणि जाळीच्या दाराचं नर्सचं घर. मर्व्ह पंपाशी उतरला, सासूबाई ट्रूडीला घेऊन संडासाकडे गेल्या. ग्लेनिस दार उघडून उतरली आणि मधला उन्हाचा पट्टा एकटीने चालत गेली. जाळीच्या दाराशी पोचली तेव्हा पाणी फुटून तिचे बूट भिजले होते.

सिस्टर हॅनरहन जाडजूड, हातावर पुरुषासारखे केस. तिने ग्लेनिसला झोपवलं, तपासलं.

"कधीपासून?"

"पर्सिव्हरन्सपासून."

"आणि गाडीत कुणाला सांगितलं नाहीस."

ग्लेनिसने मान हलवली.

नर्सने हात धुवायला घेतले. "मूर्ख आहेस की हुशार, ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "मला ते कळायला नको."

मर्व्ह धावत आला. "सिस्टर, तीन तासांत पोचतो आम्ही. मी उडवत नेतो गाडी."

"तीन तासांत तुझं पोर दूध पीत असेल. हो बाहेर."

"अहो, पण हद्दीच्या आत..."

"हद्द घेऊन ये इकडे, मी कुठे नको म्हणतेय!" सिस्टरने दार लावून घेतलं.

ऊन उतरता उतरता मुलगा झाला. लहानखुरा, पण काय ओरडला! त्या ओरडण्याने टाकीवर बसलेले पोपट उडाले. ग्लेनिसने त्याला छातीवर घेतलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली ते इवलंसं फुप्फुस भरत होतं, रिकामं होत होतं, भरत होतं. इतकं स्वच्छ. ती रडली. कधी नव्हे ते तिला कुणाची भीती वाटत नव्हती. आता काय करतील ते करू देत. जे व्हायचं ते हद्दीच्या अलीकडेच होऊन गेलं होतं.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. ग्लेनिसने अंग आवळून घेतलं. पण आयव्हींनी खुर्ची ओढली, पाण्यात फडकं भिजवलं आणि सुनेचं तोंड पुसायला घेतलं. कपाळ, कानामागे, गळा. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"मी बघत होते मागून," त्या म्हणाल्या. "पर्सिव्हरन्सपासून. खिडकीला धरलेली बोटं पांढरीफटक पडायची तुझी. मी चार बाळंतपणं काढलीत बाई, मला कळत नाही होय?"

ग्लेनिसने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"बोलणारच होते. पण म्हटलं, नको. पोरगी दात आवळून गावापर्यंत न्यायला बघतेय त्याला. आपण तोंड उघडलं तर तिचा धीर सुटेल." त्यांचे डोळे भरले. "मी तुला कधी आमची मानली नाही, ग्लेनिस. कॉलेजवाली, नाक वर. चुकलंच माझं. आमच्या गावच्या बाईनेही इतकं सोसलं नसतं. तू करायचं ते केलंस. नशिबात नव्हतं, त्याला कोण काय करणार?"

पाच वर्षं या एका बाईच्या तोंडून असं काही ऐकायला ग्लेनिस आसुसली होती. आता ऐकलं, आणि त्यातला एकही शब्द तिचा नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. सासूबाईंना वाटलं, थकली.

सकाळी तिला जाग आली ती मर्व्हच्या आवाजाने. भिंतीपलीकडे टेलिफोन होता आणि लॅनियनपर्यंत लाइन धड नव्हती, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

"हो! मुलगा! ... नाही, परत नाही येत! हिशेब करून ठेवा माझा! ... बायको? बायकोची नोकरी काय घेऊन बसलात, दोन पोरं झाली आता! शाळेला म्हणावं बघा दुसरं कुणी!"

तो आत आला तेव्हा तोंडभर हसत होता. मागे सासूबाई, कडेवर ट्रूडी.

"कुठे नाही येत परत?" ग्लेनिसने विचारलं.

"आईने रात्रभर विचार केला," मर्व्ह पलंगावर टेकला. "अगं, दुसरी वाट आहे की! पोर मोठं व्हायच्या आत सलग आठ वर्षं गावात राहिलं, की ते गावचंच धरतात. जन्मल्यासारखं. लोक सहसा त्या वाटेला जात नाहीत, कोण काढतं आठ वर्षं? पण आपलं तिथे घर आहे. रॉनची खोली रिकामीच आहे."

"तू एवढा जीव टाकलास त्याच्यासाठी," आयव्ही म्हणाल्या. "तो वाया जाऊ देईन होय मी? युनियनच्या खिडकीवर मी स्वतः जाऊन बसेन. स्टॅनची बायको आहे मी, रॉनची आई. मला नाही कोण म्हणतो बघू."

"माझा वर्ग आहे," ग्लेनिस म्हणाली. "बावीस मुलं आहेत."

"तुझी दोन आहेत," मर्व्ह म्हणाला, प्रेमानेच. "मी काही बोललो का चार वर्षं? तुला नको होतं म्हणून नाही राहिलो. पण तुलाही ते हवंच होतं ना मनातून? तोंडातून हूं नाही काढलंस, ग्लेन! मी तर पंपावरच्याला सांगितलं, बायको असावी तर अशी."

ग्लेनिस कोपरांवर उठून बसली. टाक्यांना ओढ बसली.

"हा इथे व्हावा म्हणून मी गप्प होते," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, वर्गात सांगायची तसा. "तिथे होऊ नये म्हणून. कळलं? सांगितलं असतं तर तुम्ही थांबला नसतात. मी मुद्दाम केलं."

मर्व्हचं हसू तसंच राहिलं, फक्त खालून कुणी आधार काढून घ्यावा तसं. त्याने आईकडे पाहिलं.

आयव्ही पुढे आल्या, ग्लेनिसच्या खांद्याला धरून तिला हलकेच खाली निजवलं, चादर नीट केली. "बोलतात असं," त्या मर्व्हला म्हणाल्या. "बाळंतपणानंतर दोन-चार दिवस डोकं ठिकाणावर नसतं. मी रॉनच्या वेळी तुझ्या बापाला म्हणाले होते, याला नेऊन नदीत सोड. आता तिथे नदी कुठली!"

मर्व्ह सुटल्यासारखा हसला.

"मी खरं सांगतेय," ग्लेनिस म्हणाली. "सिस्टरना विचारा. सिस्टर, सांगा यांना."

सिस्टर हॅनरहन काट्यावरून बाळाला उचलत होती. तिने मागे वळून पाहिलं. आयव्हींकडे, मर्व्हकडे, आणि मग ग्लेनिसकडे, जरा जास्त वेळ. "ताप बघते," ती म्हणाली आणि थर्मामीटर ग्लेनिसच्या तोंडात खुपसला.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. मागच्या बाजूला गादी घालून ग्लेनिसला आणि बाळाला तिथे बसवलं, शेजारी ट्रूडी, सासूबाई पुढे. मर्व्ह आता अगदी हळू चालवत होता, प्रत्येक वळी चाकाखालून जाताना कळत होती. दुपारी क्षितिजावर कॅराडॉनचे ढिगारे दिसायला लागले, काळे, सपाट माथ्याचे, आणि त्यांच्यावरून वाऱ्याने उठलेली करडी धूळ गावावर पसरत होती. ग्लेनिसने काच वर केली. उकाड्याने जीव नकोसा झाला तरी वर केली. मलमलचं कापड काढून तिने बाळाच्या तोंडावर अंथरलं.

"बाई! आपलं घर केव्हा येणार?" ट्रूडीने विचारलं. शाळेतल्या मुलांचं ऐकून तीही आईला कधीकधी बाईच म्हणायची.

"हे काय, आलंच," मर्व्ह म्हणाला.

आयव्ही सीटवरून मागे वाकल्या, हात लांब करून त्यांनी कापड अलगद बाजूला केलं. "झाकू नकोस गं. बघू दे की त्याला."

ग्लेनिसने कापड परत ओढलं.

"काय बाई हट्टी!" आयव्ही कौतुकाने म्हणाल्या, आणि परत काढलं.